दोन रेघा आणि एक निगेटिव्ह रिपोर्ट : वुल्व्हरहॅम्प्टनच्या लॅबचं प्रकरण

सप्टेंबर २०२१चा शेवटचा आठवडा. स्विंडनहून मैत्रिणीचा फोन आला. ती मूळची पेडण्याची. आम्ही कोल्हापुरात सूक्ष्मजीवशास्त्र एकत्र शिकलो आणि लग्नानंतर ती इंग्लंडला गेली. पोर्तुगीज पासपोर्टवर तिकडे गेलेली गोव्याची हजारो माणसं स्विंडनमध्ये आहेत, त्यामुळे तिला तिथे फार परकं वाटलं नाही. पण त्या दिवशी तिचा आवाज वेगळा होता. तेरा वर्षांच्या मुलाचा घसा दुखत होता. शाळेतून मिळालेल्या कोविडच्या घरच्या किटवर त्याची चाचणी केली, तर दोन ठळक रेघा, म्हणजे पॉझिटिव्ह. नियमाप्रमाणे त्याला नेऊन पीसीआरसाठी, म्हणजे लॅबमधल्या चाचणीसाठी, स्वॅब दिला. दुसऱ्या दिवशी फोनवर मेसेज : निगेटिव्ह. तिने घरी पुन्हा किट केलं. पुन्हा दोन रेघा.

"आता मी काय समजू गं?"

मी तेव्हा दीड वर्ष आरटी-पीसीआरच्या लॅबमध्ये काम करत होते. रोज प्लेट लावायची, कर्व्ह बघायचे, रिपोर्टवर सही करायची. मी क्षणभरही न थांबता म्हटलं, "पीसीआर निगेटिव्ह आहे ना? मग निगेटिव्हच. किट घरी केलंस, काहीतरी इकडेतिकडे झालं असेल. पाठव त्याला शाळेत."

मुलगा सोमवारी शाळेत गेला. शुक्रवारपर्यंत तिच्या सासूबाई तापाने झोपल्या होत्या.

त्या बऱ्या झाल्या. दोन्ही लशी झाल्या होत्या, ताप चार दिवसांत उतरला. पण मी दिलेलं उत्तर चुकीचं होतं. मेसेज पाठवणाऱ्या लॅबची चूक मला त्या दिवशी ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. मात्र माझ्या हातात जेवढी माहिती होती, तेवढ्यावरूनही माझं उत्तर चुकीचंच ठरतं. ते कसं, हे सांगण्यासाठी हे प्रकरण नीट मांडते आहे.

घडलं ते असं

इंग्लंडमध्ये त्या काळात लॅटरल फ्लो किट, म्हणजे आपल्याकडची रॅपिड अँटिजेन टेस्ट, घरोघरी फुकट मिळत होती. माध्यमिक शाळेतल्या मुलांनी आठवड्यातून दोनदा ती करावी अशी अपेक्षा होती. किट पॉझिटिव्ह आलं की घरात थांबायचं आणि पीसीआर करून घ्यायची. पीसीआर निगेटिव्ह आली की किटचा निकाल रद्द, माणूस मोकळा. शेवटचा शब्द पीसीआरचा.

सप्टेंबरच्या मध्यापासून देशाच्या नैर्ऋत्य भागातून एक विचित्र तक्रार येऊ लागली. किट पॉझिटिव्ह, पीसीआर निगेटिव्ह. एखाद्या घरात असं झालं तर कुणी लक्ष देत नाही. पण वर्गातली चार मुलं, कार्यालयातले सहकारी, एकाच घरातली तीन माणसं, सगळ्यांचं तेच. स्विंडन, ग्लॉस्टरशायर, वेस्ट बर्कशायर या पट्ट्यातले लोक एकमेकांना किटचे फोटो पाठवू लागले. किटची बॅच खराब असेल, पीसीआरला न सापडणारा नवा व्हेरिएंट आला असेल, मुलं लिंबाचा रस टाकून शाळा बुडवत असतील, असे तर्क निघाले. लॅबवर संशय सगळ्यात शेवटी आला.

१२ ऑक्टोबरला वुल्व्हरहॅम्प्टनमधल्या इमेन्सा हेल्थ क्लिनिक या खासगी कंपनीच्या लॅबमधल्या चाचण्या थांबवण्यात आल्या. १५ ऑक्टोबरला यूके हेल्थ सिक्युरिटी एजन्सीने जाहीर केलं, की या लॅबमध्ये तपासलेल्या सुमारे ४ लाख नमुन्यांपैकी अंदाजे ४३,००० लोकांना चुकीचा निगेटिव्ह निकाल गेला असावा. यातले बहुतेक इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडचे. सुमारे ४,००० वेल्समधले. वेस्ट बर्कशायरच्या कौन्सिलने न्यूबरी शोग्राउंडच्या केंद्रावर ३ ते १२ ऑक्टोबरदरम्यान निगेटिव्ह आलेल्यांना पुन्हा चाचणी करा असं सांगितलं.

एजन्सीचा सविस्तर चौकशी अहवाल नोव्हेंबर २०२२मध्ये आला. त्यात चुकीच्या निकालांचा आकडा सुमारे ३९,००० आहे, आणि चुकीचा काळ २ सप्टेंबरपासून धरला आहे. म्हणजे जवळजवळ चाळीस दिवस.

उंबरठा

अहवालाने सांगितलेलं थेट कारण एका वाक्याचं आहे : नमुना पॉझिटिव्ह म्हणायचा की निगेटिव्ह, हे ठरवणारी उंबरठ्याची पातळी लॅबमधल्या कर्मचाऱ्यांनी चुकीची लावली होती. स्वॅब नीट घेतले होते आणि विषाणूही बदललेला नव्हता. किट तर बरोबरच बोलत होतं.

ज्यांनी पीसीआर यंत्राचा पडदा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. यंत्र नमुन्यातल्या विषाणूच्या जनुकाच्या प्रती वाढवतं. प्रत्येक फेरीत प्रती साधारण दुप्पट होतात, आणि अशा चाळीसेक फेऱ्या होतात. प्रती वाढल्या की चमक वाढते, पडद्यावर रेषा वर चढू लागते. ही चमक एका ठरावीक उंचीची आडवी रेघ ज्या फेरीला ओलांडते, ती सीटी व्हॅल्यू. विषाणू भरपूर असेल तर पंधराव्या-अठराव्या फेरीलाच रेघ ओलांडली जाते. कमी असेल तर तिसाव्या-पस्तिसाव्या. आता ती आडवी रेघ कुठे ओढायची, आणि कितव्या फेरीपर्यंतचं ओलांडणं पॉझिटिव्ह धरायचं, हे दोन्ही माणूस ठरवतो. किटसोबतच्या पुस्तिकेत ते दिलेलं असतं, पण सॉफ्टवेअरमध्ये ते आकडे भरणारा हात माणसाचाच. आकडा चुकला तर यंत्र कुरकुरत नाही, पडद्यावर लाल दिवा लागत नाही. प्लेट व्यवस्थित पूर्ण होते, रिपोर्ट छापले जातात. फक्त त्यांतले काही खोटे असतात.

कंट्रोल, म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेले पडताळणीचे नमुने, असतात ना, असं कुणी विचारेल. असतात. पण पॉझिटिव्ह कंट्रोल बहुतेक वेळा दणकट असतो, त्यात विषाणूचा अंश भरपूर. उंबरठा थोडा वर सरकला तरी तो आरामात पास होतो. मानवी जनुक शोधणारा अंतर्गत कंट्रोल एवढंच सांगतो, की नळीत खरोखर कुणाचा तरी स्वॅब होता आणि एक्स्ट्रॅक्शन, म्हणजे त्यातलं जनुकीय द्रव्य वेगळं काढणं, नीट झालं. अशी चूक पकडायची तर जेमतेम पॉझिटिव्ह येणारा अशक्त कंट्रोल लागतो, बाहेरून पाठवलेले, उत्तर लॅबला न सांगितलेले गुप्त नमुने लागतात, आणि रोजचं पॉझिटिव्हचं प्रमाण शेजारच्या लॅबशी ताडून बघणारं कुणीतरी लागतं.

हा उंबरठा आपल्याकडेही चर्चेत आला होता, आणि तो काळ मी विसरू शकत नाही. एप्रिल २०२१, दुसऱ्या लाटेचा कहर. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, सीटी ३५पर्यंतचा नमुना पॉझिटिव्ह धरायला सांगितलं होतं. ही मर्यादा २४वर आणता येईल का, अशी विचारणा महाराष्ट्राकडून झाली. आयसीएमआरने नकार दिला : तसं केलं तर संसर्ग पसरवू शकणारे कितीतरी रुग्ण निसटतील. ३५ आणि २४ यांत फरक ११ फेऱ्यांचा. दर फेरीला दुप्पट धरली तर ११ फेऱ्या म्हणजे २,०४८ पट. म्हणजे ३५व्या फेरीला सापडणाऱ्या माणसाच्या दोन हजार पट विषाणू नाकात असेल, तरच २४च्या मर्यादेत तो पॉझिटिव्ह ठरणार. कागदावर ११ हा आकडा किती किरकोळ दिसतो! तेव्हा तो नकार मिळाला याबद्दल मला आजही मनापासून समाधान वाटतं. मुंबई, पुणे, नागपूर कुठेही बेड मिळत नव्हते. त्यात "तुम्हाला काही नाही" असं सांगितलेली माणसं घरोघर परत गेली असती.

माझ्या मैत्रिणीच्या हातातलं गणित

किटबद्दल आपल्या मनात एक पक्का समज आहे : स्वस्त, म्हणून कच्चं. तो अर्धा खरा आहे. रॅपिड किट आजारी माणसांपैकी बऱ्याच जणांना चुकवतं. आयसीएमआरने जून २०२०मध्ये पहिल्या अँटिजेन किटला परवानगी दिली तेव्हा मूल्यमापनात त्याची संवेदनशीलता, म्हणजे बाधितांना पकडण्याचं प्रमाण, ५०.६ ते ८४ टक्के आढळली होती. पण निरोगी माणसाला पॉझिटिव्ह ठरवण्याची चूक ते क्वचित करतं. इंग्लंडच्या यंत्रणेने २०२१मध्ये स्वतःच सांगितलं होतं, की लॅटरल फ्लोची विशिष्टता किमान ९९.९७ टक्के आहे. म्हणजे १०,००० निरोगी लोकांत चुकीच्या दोन रेघा तिघांच्याच.

आता शाळेतली १०,००० मुलं घ्या. त्या ऑक्टोबरात इंग्लंडच्या माध्यमिक शाळांतल्या मुलांमध्ये संसर्गाचं प्रमाण राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या पाहणीत सुमारे ८ टक्के होतं. म्हणजे ८०० मुलं बाधित. किट कच्चं धरू, निम्म्यांनाच पकडतं असं मानू. ४०० खऱ्या दोन रेघा. उरलेल्या ९,२०० निरोगी मुलांत खोट्या दोन रेघा साधारण तीन. एकूण ४०३ पॉझिटिव्ह, त्यांत खोटे ३.

या ४०३ जणांची पीसीआर केली तर निगेटिव्ह किती यावेत? ते खोटे तीन, आणि पीसीआरही शंभरात पाच चुकवते असं धरलं तर आणखी वीस. तेवीस. शंभरातले सहासुद्धा नाहीत.

म्हणून एका वर्गातल्या चार-पाच मुलांचं किट पॉझिटिव्ह आणि सगळ्यांची पीसीआर निगेटिव्ह, हा योगायोग असूच शकत नव्हता. माझ्या मैत्रिणीच्या मुलाचं तर दोन वेळचं किट पॉझिटिव्ह होतं, वर घसा दुखत होता. इतका पुरावा एका बाजूला आणि एक एसएमएस दुसऱ्या बाजूला. मी एसएमएसची बाजू घेतली, कारण त्यावर 'पीसीआर' असं लिहिलं होतं.

इथे एक गोष्ट मला राहून राहून टोचते. आपला आयसीएमआरचा नियम नेमका उलटा होता. अँटिजेन पॉझिटिव्ह म्हणजे पॉझिटिव्ह, पुन्हा तपासायची गरज नाही; लक्षणं असूनही अँटिजेन निगेटिव्ह असेल तर आरटी-पीसीआर करा. मी रोज याच नियमाने काम करत होते. पिंपळगावच्या आरोग्य केंद्रातून कुणी दोन रेघांचा फोटो पाठवला असता, तर मी "पॉझिटिव्ह, घरात वेगळं ठेवा" असंच म्हटलं असतं. तोच फोटो स्विंडनहून आला आणि सोबत पीसीआरचा कागद होता, तर माझा निर्णय फिरला.

इंग्लंडचा नियम मूर्खपणाचा होता असं मात्र मी म्हणणार नाही. संसर्ग अगदी कमी असतो तेव्हा खोट्या पॉझिटिव्हचा वाटा वाढतो. हजारात एकच बाधित असेल तर वरच्याच हिशेबाने १०,००० मुलांत खऱ्या दोन रेघा पाच आणि खोट्या तीन. तेव्हा पडताळणी हवीच, नाहीतर धडधाकट मुलं दहा-दहा दिवस घरी बसतील. अडचण अशी की साथ वाढली आणि नियम तसाच राहिला. पुढे ओमिक्रॉन आल्यावर, ११ जानेवारी २०२२पासून, इंग्लंडने लक्षणं नसलेल्यांसाठी ही पडताळणीची पीसीआर काढून टाकली. कारण अधिकृतपणे तेच दिलं : संसर्ग इतका आहे की किटवरच्या दोन रेघा बहुतांशी खऱ्याच.

चाळीस दिवस कुणाला का कळलं नाही

खोट्या पॉझिटिव्हला तक्रार करणारा माणूस असतो. कामावर जाता येत नाही, लग्नाला जाता येत नाही. तो लॅबमध्ये येऊन भांडतो, दुसरीकडे चाचणी करून तो कागद आपल्या टेबलावर आपटतो. खोट्या निगेटिव्हला असा कुणी नसतो. ज्याला तो मिळतो तो सुटकेचा श्वास टाकून घरी जातो. थुंकीच्या स्लाइडवर क्षयाचे जंतू दिसायला मिलिलिटरमागे साधारण ५,००० ते १०,००० जंतू लागतात. त्याहून कमी असलेला रुग्ण "टीबी नाही" असा अर्थ लावून खोकत परत जातो आणि दोन महिन्यांनी आणखी वाळलेला येतो. डेंग्यूची एनएस१ चाचणी तापाच्या पहिल्या दिवसांत उपयोगी. सातव्या-आठव्या दिवशी केली आणि निगेटिव्ह आली तर तिच्यावर विसंबता येत नाही. पण घरचे रिपोर्ट दाखवून म्हणतात, "डेंग्यू नाहीये, डॉक्टर, चेक केलंय." अशा निकालांची चूक उघडकीला येते तेव्हा मधे काळ गेलेला असतो आणि ती कुणा लॅबच्या खात्यावर लिहिली जात नाही.

वुल्व्हरहॅम्प्टनचं प्रकरण उघडकीला आलं ते घराघरात किट होतं म्हणून. दुसरा साक्षीदार होता. ते किट नसतं तर त्या भागात साथ ओसरली, असंच सगळ्यांना वाटलं असतं. पीसीआरचे आकडे तेच सांगत होते.

आणि साक्षीदार असूनही चाळीस दिवस लागले, कारण किटचा निकाल आणि पीसीआरचा निकाल शेजारी ठेवून बघणं लॅबच्या कामात येत नव्हतं. लॅबकडे बारकोड लावलेली नळी येते. आधी किटवर काय आलं हे तिला माहीत नसतं. निकाल कळवणाऱ्या यंत्रणेचं काम कळवणं. नियमानेच किटचा निकाल रद्द केल्यावर त्या दोन रेघा पुन्हा कोण मोजणार? विसंगती टिपली ती आयांनी, शिक्षकांनी आणि स्थानिक आरोग्य अधिकाऱ्यांनी.

कंपनीबद्दल थोडक्यात. तिची स्थापना मे २०२०ची, आणि ऑक्टोबर २०२०मध्ये तिला ११.९ कोटी पौंडांचं सरकारी कंत्राट मिळालं, स्पर्धात्मक निविदेशिवाय. ब्रिटनमध्ये लॅबना अधिस्वीकृती देणाऱ्या युकास या संस्थेने नंतर स्पष्ट केलं, की ही लॅब तिच्याकडे अधिस्वीकृत नव्हती. आपल्याकडे खासगी लॅबना कोविडची आरटी-पीसीआर करायची तर एनएबीएल या लॅबना अधिस्वीकृती देणाऱ्या भारतीय संस्थेची मान्यता सक्तीची होती. तेव्हा त्या कागदपत्रांना आम्ही सगळेच वैतागलो होतो. गुप्त नमुने तपासून पाठवा, दुरुस्त्यांच्या नोंदी ठेवा, उंबरठा कुणी आणि केव्हा बदलला ते लिहा. आता तो वैताग मला आठवतो तेव्हा त्यातली प्रत्येक नोंद कशासाठी होती ते कळतं. घाईच्या काळात पहिली कात्री अशाच नोंदींना लागते.

किती नुकसान झालं

एजन्सीच्या अंदाजाप्रमाणे चुकीच्या निगेटिव्ह निकालांमुळे त्या भागांत जास्तीत जास्त ५५,००० जादा संसर्ग झाले असावेत, सुमारे ६८० जादा माणसं रुग्णालयात दाखल झाली असावीत, आणि वीसहून थोडे अधिक मृत्यू झाले असावेत. हे गणिती अंदाज आहेत. त्या वीस जणांमध्ये कोण कोण होतं, हे कुणालाही कधी सांगता येणार नाही. कुठल्याच मृत्यूच्या दाखल्यावर 'चुकीचा उंबरठा' असं कारण लिहिलेलं नसतं.

या एका कारणासाठी तो वीसचा आकडा मला ५५,०००पेक्षा जड वाटतो. त्यांच्या घरच्यांना वाटत असेल, की साथच होती, काय करणार.

त्या फोननंतर मी माझ्यापुरता एक बदल केला. निगेटिव्ह रिपोर्टबद्दल कुणी विचारलं की आधी विचारते : लक्षणं काय, कितवा दिवस, घरात आणखी कोण आजारी, दुसरी कुठली चाचणी झाली का. मग रिपोर्टकडे बघते. वेळ जास्त लागतो. लॅबमधल्या मुलांनाही सांगितलं आहे, की फोनवर "निगेटिव्ह आहे, काही नाही" असं म्हणायचं नाही; "या नमुन्यात सापडलं नाही" असं म्हणायचं. सुरुवातीला त्यांना ते अवघड वाटायचं, लोक पुढचा प्रश्न विचारतात म्हणून. तो प्रश्न त्यांनी विचारावा, हेच मला हवं होतं.

ऑक्टोबरात लॅबची बातमी आली तेव्हा मी मैत्रिणीला फोन केला आणि माझी चूक सांगितली. ती म्हणाली, "अगं, मलाही कुठे खरं वाटत होतं? पण तू सांगितलंस, मेसेजही तेच सांगत होता." पुन्हा चाचणी करा असा निरोप तिला आला नाही. ज्यांच्याकडून अजून संसर्ग होऊ शकत होता त्यांनाच तो पाठवला जात होता, आणि तिच्या मुलाचे दिवस केव्हाच उलटून गेले होते. तिच्या फोनमध्ये ते दोन्ही अजून आहेत : स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवलेल्या किटचा फोटो, दोन रेघा अगदी ठळक, आणि दुसऱ्या दिवशीचा निगेटिव्हचा मेसेज.